व्हिडिओ खेळयंत्रे आणि वैद्यकीय संशोधन

दूरचित्रवाणी संचाला जोडून घरच्या घरी व्हिडिओ गेम खेळण्याचे जे स्वतंत्र यंत्र असते, त्यास खेळयंत्र (गेम कन्सोल) म्हणतात. पडद्यावरील दृश्य सेकंदाला तीस ते साठ वेळा नव्याने रेखाटावयाचे असल्यामुळे या यंत्रातील सूक्ष्मप्रक्रियकाला (प्रोसेसरला) अफाट आकडेमोड अत्यंत वेगाने करावी लागते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात काही संशोधकांनी हीच शक्ती प्रथिनांची घडी, हृदयातील विद्युत् तरंग आणि रुग्णांच्या शरीरांतर्गत प्रतिमा यांच्या अभ्यासाकडे वळविली. या प्रयोगांपैकी सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन ३ या यंत्रावर मार्च २००७ ते नोव्हेंबर २०१२ या काळात चाललेला प्रयोग सर्वांत मोठा होय; जगभरातील दीड कोटीहून अधिक लोकांनी त्यास हातभार लावला. करमणुकीच्या बाजारपेठेने स्वस्त केलेले सामर्थ्य विज्ञानाच्या पदरात कसे पडले आणि त्याच बाजारपेठेच्या निर्णयाने ते परत कसे गेले, या दोन्ही दृष्टींनी हा इतिहास उद्‌बोधक आहे.

आकडेमोडीतील साम्य : खेळातील मोटारगाडी आणि रक्तातील प्रथिन यांच्यात वरवर पाहता काहीच साम्य नाही. परंतु प्रक्रियकाच्या दृष्टीने दोन्ही म्हणजे अवकाशातील बिंदूंचे समूह होत. मोटारगाडीचे चित्र हजारो लहान त्रिकोणांचे बनलेले असते; गाडी वळली की त्या प्रत्येक त्रिकोणाच्या तिन्ही शिरोबिंदूंचे सहनिर्देशक पुन्हा काढावे लागतात. प्रथिनाच्या रेणूत हजारो अणू असतात. ते किंचित हलले की प्रत्येक अणूवर शेजारच्या अणूंकडून पडणारे प्रेरणेचे मान पुन्हा काढावे लागते. दोन्ही ठिकाणी गुणाकार-बेरजेची तीच ती क्रिया असंख्य संख्यांवर करावयाची असते, आणि एका बिंदूचे उत्तर मिळेपर्यंत दुसऱ्याला थांबण्याचे सहसा कारण नसते. सर्वसाधारण संगणकाच्या प्रक्रियकाला पत्र लिहिण्यापासून हिशेब ठेवण्यापर्यंत नाना कामे करावयाची असल्यामुळे त्याच्या सिलिकॉन चकतीवरील बराच भाग पुढची आज्ञा कोणती येईल याचा अंदाज बांधण्यात आणि माहिती हाताशी ठेवण्यात खर्च होतो. खेळयंत्राच्या प्रक्रियकात हा खर्च आटोपता ठेवून बहुतेक जागा निव्वळ आकडेमोडीला दिलेली असते.

वैद्यक व चित्ररेखन यांचे हे नाते खेळयंत्रांहून जुने आहे. सीटी स्कॅनमध्ये शरीराभोवती निरनिराळ्या कोनांतून घेतलेल्या क्ष-किरण छायांपासून आतील छेदाचे चित्र गणिताने उभारावे लागते. हे काम चित्ररेखनासाठी बनविलेल्या विद्युत् मंडलांकडून फार जलद होते, असे सिलिकॉन ग्राफिक्स या अमेरिकन कंपनीतील ब्रायन कॅब्रल आणि त्यांचे सहकारी यांनी १९९४ साली दाखवून दिले. त्यांनी वापरलेली यंत्रे अतिशय महाग होती. दोनच वर्षांनी, १९९६ मध्ये, निंटेंडो कंपनीचे निंटेंडो ६४ हे खेळयंत्र बाजारात आले. त्यातील चित्ररेखनाची चकती याच सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने आखून दिलेली होती. प्रयोगशाळेतील विद्या मुलांच्या खोलीत कशी पोहोचली, याचे हे ठळक उदाहरण होय. तेथून ती पुन्हा प्रयोगशाळेत येण्यास फारसा काळ लागला नाही.

किंमत हे त्याचे मुख्य कारण. खेळयंत्रे लाखोंच्या संख्येने तयार होतात. शिवाय उत्पादक ती पुष्कळदा खर्चाहून कमी किंमतीस विकून तोटा खेळांच्या विक्रीतून भरून काढतात. प्लेस्टेशन ३ अमेरिकेत नोव्हेंबर २००६ मध्ये ४९९ व ५९९ डॉलरला मिळू लागले. तेवढ्या पैशात तेवढी गणनशक्ती विद्यापीठांना अन्य कोठेही मिळत नव्हती. यापूर्वी २००३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या अतिसंगणन केंद्राने सु. सत्तर प्लेस्टेशन २ यंत्रे एकत्र जोडून पन्नास हजार डॉलरच्या आसपास खर्चात एक संगणकसमूह उभारला होता. त्यावर रसायनशास्त्रातील गणिते करून पाहण्यात आली. प्रत्येक यंत्राची स्मृती अवघी ३२ मेगाबाइट असल्याने त्याचा उपयोग मर्यादितच राहिला, पण कल्पना अव्यवहार्य नाही एवढे सिद्ध झाले.

प्रथिनांच्या घडीचा प्रश्न : प्रथिन म्हणजे ॲमिनो अम्लांची लांब साखळी. पेशीत तयार झाल्यावर ही साखळी आपोआप स्वतःभोवती गुंडाळली जाऊन एक विशिष्ट आकार धारण करते आणि त्या आकारावरच तिचे कार्य अवलंबून असते. साखळीच्या क्रमातच अंतिम आकाराची माहिती सामावलेली असते, हे दाखविल्याबद्दल क्रिस्चन ॲनफिन्सन यांना १९७२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. साखळीचे दुवे कोणत्या कोनांत वळू शकतात व कोणत्या नाही, याचा आलेख १९६३ साली मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. तो रामचंद्रन आलेख या नावाने जगभर वापरला जातो. शक्य असलेले सर्व आकार एकामागून एक चाचपून योग्य आकार शोधावयाचा, तर विश्वाचे आयुष्यही अपुरे पडेल, असे सायरस लेव्हिन्थॉल यांनी १९६९ मध्ये दाखविले. प्रत्यक्षात कित्येक प्रथिने सेकंदाच्या सहस्रांशात किंवा त्याहूनही कमी वेळात घडी घालून मोकळी होतात. ती हे कसे साधतात, हा जीवरसायनशास्त्रातील एक मोठा प्रश्न होता.

वैद्यकाला या प्रश्नात रस असण्याचे कारण म्हणजे घडी चुकली तर रोग उद्‌भवतो. अल्झायमर रोगात ॲमिलॉइड-बीटा या लहान प्रथिनाचे रेणू एकमेकांस चिकटून गुठळ्या होतात. हंटिंग्टन रोग, पार्किन्सन रोग आणि वेड्या गायींचा म्हणून ओळखला जाणारा मेंदूचा रोग यांतही प्रथिनांच्या चुकीच्या घड्यांचा व गुठळ्यांचा संबंध आढळतो. मोठ्या गुठळ्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. परंतु अल्झायमर रोगात अधिक विषारी मानले जाणारे चार-सहा रेणूंचे लहान पुंजके अल्पजीवी असतात व प्रयोगाच्या साधनांना सहजी सापडत नाहीत. म्हणून त्यांची हालचाल संगणकावर घडवून पाहण्याचा मार्ग पुढे आला. यास रेणवीय गतिकी म्हणतात. या विद्येचा पाया ज्या कामाने घातला, त्याबद्दल मार्टिन कारप्लस, मायकेल लेविट आणि एरी वॉर्शेल यांना २०१३ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

अडचण वेळेची होती. अणूंची थरथर इतकी जलद असते की, गणितात एका वेळी सु. दोन फेम्टोसेकंदच पुढे सरकता येते. सेकंदाचे दहा कोटी कोटी भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे फेम्टोसेकंद. एका मायक्रोसेकंदाची हालचाल पाहण्यास अशी ५० कोटी पावले टाकावी लागतात. एका मिलिसेकंदास ५० हजार कोटी. प्रत्येक पावलास हजारो अणूंवरील प्रेरणा नव्याने काढावयाच्या. या कामासाठी आयबीएम कंपनीने डिसेंबर १९९९ मध्ये दहा कोटी डॉलर खर्चाची ब्लू जीन ही अतिसंगणक योजना जाहीर केली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील विजय पांडे यांनी ऑक्टोबर २००० मध्ये नेमका उलटा मार्ग धरला. घरोघरी रिकामे पडून राहणारे संगणक आंतरजालाद्वारे एका कामाला लावावयाचे, अशी त्यांची ‘फोल्डिंग ॲट होम’ ही योजना होती. आकाशातील रेडिओ संदेश तपासण्यासाठी १९९९ पासून चाललेली ‘सेटी ॲट होम’ ही तिची थोरली बहीण म्हणता येईल.

येथे एक शंका उपस्थित होते. प्रत्येक पाऊल आधीच्या पावलावर अवलंबून असताना हे काम हजारो यंत्रांत वाटावयाचे कसे? नऊ सुईणी जमविल्या म्हणून मूल एका महिन्यात जन्मास येत नाही. पांडे यांची युक्ती अशी : रेणूचा बहुतेक वेळ एका आकारात अडखळून राहण्यात जातो आणि पुढच्या आकारात तो अचानक, क्वचित केव्हातरी उडी घेतो. एकच बी पेरून कोंबाची वाट पाहण्याऐवजी हजार बिया पेरल्या, तर एखाद-दुसरा कोंब लवकर दिसतो. त्याप्रमाणे एकाच रेणूच्या हजारो लहान लहान वाटचाली निरनिराळ्या यंत्रांवर चालवून त्यांतील उड्या टिपावयाच्या आणि संख्याशास्त्राने त्या जोडून सबंध प्रवासाचा नकाशा तयार करावयाचा. या नकाशास मार्कोव्ह अवस्था प्रतिमान म्हणतात. ही पद्धत सापडली नसती, तर खेळयंत्रे कितीही स्वस्त झाली तरी त्यांचा येथे उपयोग झाला नसता, हे लक्षात ठेवले पाहिजे. या इतिहासात यंत्राची वाहवा अधिक होते. श्रेय मात्र प्रथम गणिताचे आहे.

सेल प्रक्रियक : सोनी, तोशिबा व आयबीएम या तीन कंपन्यांनी २००१ साली अमेरिकेतील ऑस्टिन येथे संयुक्त आरेखन केंद्र उघडले. सु. चाळीस कोटी डॉलर खर्चून तेथे तयार झालेला प्रक्रियक ‘सेल’ या नावाने फेब्रुवारी २००५ मध्ये जाहीर झाला. त्यात सु. २३ कोटी ४० लाख ट्रँझिस्टर होते व त्याची कंप्रता ३.२ गिगाहर्ट्‌झ होती. त्याची रचना मुकादम आणि त्याच्या हाताखालचे आठ मजूर अशी होती. मुकादम म्हणजे सर्वसाधारण कामे करणारा एक गाभा. मजूर म्हणजे केवळ आकडेमोड करणारे आठ साधे गाभे. एक मजूर सेकंदाला जास्तीत जास्त २,५६० कोटी क्रिया करू शके. प्लेस्टेशन ३ मधील चकतीत आठांपैकी सातच चालू ठेवीत, म्हणजे निर्मितीत एखाद्यात दोष निघाला तरी ती चकती वाया जात नसे. सातवा यंत्राच्या अंतर्गत व्यवस्थेसाठी राखीव असे. कार्यक्रम लिहिणाऱ्याच्या हाती सहा उरत.

हे मजूर वेगवान होते, तसेच हट्टीही. प्रत्येकाजवळ अवघी २५६ किलोबाइट स्मृती होती. तेवढ्यात आज्ञाही मावल्या पाहिजेत व आकडेही. लागेल ती माहिती मुख्य स्मृतीतून केव्हा आणावयाची आणि केव्हा परत ठेवावयाची, याची व्यवस्था कार्यक्रम लिहिणाऱ्यानेच करावयाची. सर्वसाधारण प्रक्रियकात ही काळजी यंत्र स्वतः घेते. त्यामुळे पूर्वी लिहिलेले कार्यक्रम येथे तसेच चालविता येत नसत. ते बहुतांशी नव्याने लिहावे लागले. आणखी एक गोष्ट म्हणजे हे मजूर अपूर्णांकांची शेवटची स्थाने पूर्णांकित न करता सरळ छाटून टाकीत. खेळात मोटारगाडीचे चाक केसभर इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही. परंतु कोट्यवधी पावलांच्या गणितात अशा चुका साचत जाऊ शकतात, म्हणून संशोधकांना उत्तरे तपासून घ्यावी लागली.

फोल्डिंग ॲट होम व प्लेस्टेशन ३ : या यंत्रासाठी स्टॅनफर्ड आणि सोनी यांनी मिळून लिहिलेला कार्यक्रम मार्च २००७ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. यंत्राच्या मालकाने पडद्यावरील यादीतून तो निवडावा आणि यंत्र चालू ठेवून झोपी जावे, एवढेच अपेक्षित होते. विद्यापीठाकडून कामाचा एक तुकडा आंतरजालावरून येई, काही तासांत त्याचे गणित पुरे होई व उत्तर परत जाई. मधल्या काळात पडद्यावर तो रेणू प्रत्यक्ष हलताना दिसे आणि खेळाच्या नियंत्रकाने तो फिरवून पाहता येई; पृथ्वीच्या गोलावर ठिकठिकाणचे सहभागी दिव्यांच्या ठिपक्यांनी दाखविले जात. आपले यंत्र नक्की काय करीत आहे हे सामान्य माणसाला डोळ्यांनी दिसणे, याला लोकप्रियतेचे बरेच श्रेय दिले पाहिजे.

प्रतिसाद अनपेक्षित होता. एका महिन्याच्या आतबाहेर अडीच लाखांहून अधिक यंत्रमालकांनी नावे नोंदविली आणि त्यांच्या यंत्रांची एकत्रित शक्ती सु. ४०० टेराफ्लॉपपर्यंत गेली (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लक्ष कोटी क्रिया). योजनेतील इतर सर्व संगणकांची बेरीज याहून कमी भरत होती. १६ सप्टेंबर २००७ रोजी संपूर्ण योजनेने एक हजार टेराफ्लॉपची, म्हणजे एका पेटाफ्लॉपची सीमा ओलांडली. वितरित संगणनाच्या कोणत्याही योजनेने हे प्रथमच साधले होते. गिनेस विक्रमग्रंथाने ३१ ऑक्टोबर २००७ रोजी त्यास मान्यता दिली. फेब्रुवारी २००८ मध्ये सहभागी खेळयंत्रमालकांची संख्या दहा लाखांवर गेली. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये हा कार्यक्रम ‘लाइफ विथ प्लेस्टेशन’ या बातम्या व हवामान दाखविणाऱ्या मोठ्या कार्यक्रमाचा भाग झाला.

या आकड्यांची अतिसंगणकांशी सरळ तुलना वृत्तपत्रांनी त्या काळी सर्रास केली. जून २००७ मध्ये जगातील पहिल्या क्रमांकाचा अतिसंगणक कॅलिफोर्नियातील ब्लू जीन/एल हा होता व त्याची मोजलेली शक्ती २८०.६ टेराफ्लॉप होती. म्हणजे मुलांच्या खेळण्यांनी आयबीएमच्या यंत्रास मागे टाकले, असे दिसते. ही तुलना रास्त नाही. अतिसंगणकाची मोजणी दुप्पट अंकांच्या अचूकतेने होते आणि त्याचे हजारो प्रक्रियक एकाच गणितावर काम करीत सतत एकमेकांशी बोलत असतात. खेळयंत्रांची मोजणी कमी अचूकतेची होती व एका घरातील यंत्राला दुसऱ्या घरातील यंत्राचा पत्ताही नसे. ज्या प्रश्नाचे स्वतंत्र तुकडे पाडता येतात, त्यालाच ही शक्ती उपयोगी. हवामानाच्या भाकितासारख्या गणिताला ती निरुपयोगी होती. गंमत अशी की, ब्लू जीन योजनेचा उगम प्रथिनांच्या घडीच्याच प्रश्नातून झाला होता आणि खेळयंत्रातील सेल प्रक्रियकही आयबीएमच्याच सहभागाने घडला होता.

यंत्राची स्मृती २५६ मेगाबाइट असल्यामुळे मोठे रेणू त्यात मावत नसत. पेशीतील प्रथिन पाण्यात बुडालेले असते. पाण्याचा प्रत्येक रेणू गणितात धरला तर अणूंची संख्या कित्येक पटींनी वाढते. म्हणून पाण्याचा केवळ सरासरी परिणाम धरणारी गणितेच मुख्यतः खेळयंत्रांकडे दिली जात. स्टॅनफर्डचे संशोधक या यंत्राचे वर्णन मधल्या फळीतील साधन असे करीत : सामान्य संगणक सावकाश पण कोणतेही काम करणारा, संगणकातील चित्ररेखन कार्ड अतिवेगवान पण मोजकीच कामे करणारे आणि खेळयंत्र या दोहोंच्या मध्ये. ॲमिलॉइड-बीटाच्या रेणूंचे पुंजके कसे बांधले जातात, याविषयी विजय पांडे व त्यांच्या सहकाऱ्यांचा फोल्डिंग ॲट होमच्या गणितांवर आधारलेला निबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. सेल प्रक्रियकावर रेणवीय गतिकी कशी बसविली, याचा वृत्तांत २००९ मध्ये छापून आला. या श्रमाचे फळ म्हणजे तयार औषध नव्हे. औषध कोठे चिकटू शकेल व पुंजक्याची बांधणी कोणत्या टप्प्यावर अडविता येईल, याचे दिग्दर्शन एवढीच या गणितांकडून रास्त अपेक्षा होती. प्रसिद्धीच्या भरात ‘यंत्र चालू ठेवा, कर्करोग बरा करा’ असा जो सूर काही ठिकाणी लागला, तो विज्ञानाला धरून नव्हता.

देणगी फुकटची नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. सुरुवातीची प्लेस्टेशन ३ यंत्रे या कामी सु. २०० वॉट वीज घेत. रोज आठ तास यंत्र चालविले, तर दीड युनिटाहून थोडी अधिक वीज लागे व तिचे बिल यंत्राच्या मालकालाच भरावे लागे. सामान्य माणसांनी परक्या रुग्णांसाठी वर्षानुवर्षे हा भार उचलला. विद्यापीठाच्या हिशेबात हा खर्च कोठेच दिसत नाही, त्यामुळे ही गणनशक्ती प्रत्यक्षाहून स्वस्त भासते.

अन्य प्रयोग : बार्सेलोना येथील पोंपेउ फाब्रा विद्यापीठात जियान्नी दे फाब्रितिस यांनी २००७ साली ‘पीएस३ ग्रिड’ ही योजना सुरू केली. प्लेस्टेशन ३ वर त्या काळी लिनक्स ही खुली कार्यप्रणाली बसविता येत असे; तिच्या आधारे सहभागी लोक रेणवीय गतिकीची गणिते चालवीत. पाण्याचे रेणू प्रत्यक्ष धरून केलेली गणिते हे तिचे वैशिष्ट्य. पुढे चित्ररेखन कार्डे अधिक सोयीची ठरल्याने तिचे नाव ‘जीपीयू ग्रिड’ असे झाले.

अमेरिकेतील मेयो क्लिनिक आणि आयबीएम यांनी सेल प्रक्रियकाचा उपयोग प्रतिमांच्या जुळवणीसाठी करून पाहिला. एकाच रुग्णाचे सहा महिन्यांच्या अंतराने घेतलेले दोन स्कॅन ताडून पाहावयाचे असतात. परंतु रुग्ण दोन्ही वेळा नेमका त्याच स्थितीत झोपलेला नसतो, श्वासही सारखा नसतो. दोन्ही प्रतिमा गणिताने एकमेकींवर बिनचूक बसविल्याखेरीज गाठ वाढली की केवळ सरकली, हे डॉक्टरांना ठरविता येत नाही. प्रतिमांचे ९८ संच जुळविण्यास नेहमीच्या प्रक्रियकाला सु. सात तास लागले. सेलसाठी नव्याने लिहिलेल्या कार्यक्रमाने तेच काम ५१६ सेकंदांत, म्हणजे नऊ मिनिटांच्या आत केले. या प्रयोगात घरगुती खेळयंत्र नव्हते. त्याच जातीचा प्रक्रियक बसविलेला आयबीएमचा संगणक होता. तथापि रुग्णाच्या दृष्टीने पाहता सर्व प्रयोगांत हाच सर्वांत निकटचा होय. रुग्ण टेबलावर असतानाच उत्तर मिळणे आणि दुसऱ्या दिवशी मिळणे, यांत फार अंतर आहे.

इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठातील सायमन स्कार्ल यांनी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या खेळयंत्रातील चित्ररेखन प्रक्रियकावर हृदयाच्या स्नायूंतील विद्युत् तरंगांचे प्रतिमान चालविले. हे काम २००९ साली प्रसिद्ध झाले. हृदयाच्या ठोक्याची सूचना पेशीकडून पेशीकडे तरंगासारखी पसरते. मृत किंवा जखमी ऊतकाभोवती तो तरंग वाटोळा फिरत राहिला, तर ठोके विस्कळीत होऊन प्राणघातक स्थिती ओढवते. ऊतकाचा पडद्यावरील चित्राप्रमाणे चौकटींत विभाग केला की प्रत्येक चौकटीचे गणित चित्ररेखन प्रक्रियकाला सहज करता येते. स्कार्ल यांनी पूर्वी मायक्रोसॉफ्टच्याच एका खेळनिर्मिती संस्थेत नोकरी केली होती. यंत्राच्या अंतरंगाची अशी ओळख बहुतेक जीवशास्त्रज्ञांना नव्हती, आणि असे प्रयोग विरळ राहण्याचे तेही एक कारण असावे.

प्रथिनांच्या रचनेचे कोडे माणसांनीच खेळाच्या रूपात सोडविण्याचा ‘फोल्डइट’ हा उपक्रम वॉशिंग्टन विद्यापीठाने २००८ मध्ये सुरू केला. त्याचा येथे विचार केलेला नाही. त्यात कामी येते ती खेळाडूची बुद्धी, यंत्राचा प्रक्रियक नव्हे.

शेवट : खेळयंत्र हे संशोधकांच्या मालकीचे साधन नव्हते. ते कसे वापरले जावे, हे उत्पादक ठरवीत असे. सप्टेंबर २००९ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ३ च्या सडपातळ आवृत्तीत दुसरी कार्यप्रणाली बसविण्याची सोय नव्हती. १ एप्रिल २०१० रोजी सोनीने सुरक्षिततेचे कारण देऊन जुन्या यंत्रांतूनही ती नव्या आज्ञावलीद्वारे काढून टाकली. अमेरिकेत ग्राहकांनी त्याविरुद्ध दावे लावले. ज्यांनी यंत्र नव्या आज्ञावलीपासून अलिप्त ठेवले त्यांचे काम चालू राहिले. परंतु मोडलेल्या यंत्राच्या जागी त्याच सोयीचे नवे यंत्र दुकानातून आणणे अशक्य झाले. त्याच वर्षी अमेरिकी वायुसेनेने न्यूयॉर्क राज्यातील रोम येथे १,७६० प्लेस्टेशन ३ यंत्रांचा समूह उभारला. तोही याच पेचात सापडला. फोल्डिंग ॲट होमचा कार्यक्रम सोनीच्या संमतीनेच चालत असल्याने त्याला ही झळ लागली नाही. मात्र ऑक्टोबर २०१२ मध्ये सोनीने तोही बंद करण्याचे जाहीर केले आणि नोव्हेंबरच्या आरंभी तो थांबला. तोवर दीड कोटीहून अधिक लोकांनी मिळून दहा कोटी तासांपेक्षा जास्त यंत्रवेळ दिला होता.

सेल प्रक्रियकाचा वंशही पुढे चालला नाही. त्याची सुधारलेली आवृत्ती वापरून अमेरिकेतील लॉस ॲलमॉस प्रयोगशाळेत उभारलेला रोडरनर हा अतिसंगणक २००८ मध्ये दुप्पट अंकांच्या अचूकतेने एक पेटाफ्लॉप ओलांडणारा पहिला ठरला. तो ३१ मार्च २०१३ रोजी बंद करण्यात आला. नोव्हेंबर २०१३ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ४ मध्ये सर्वसाधारण संगणकाच्या जातीचाच प्रक्रियक होता.

तोपर्यंत ओघ दुसरीकडे वळला होता. संगणकात खेळांसाठी बसविली जाणारी चित्ररेखन कार्डे वैज्ञानिक गणिते करू शकतील, अशी सोय एनव्हिडिया कंपनीने २००७ मध्ये ‘कुडा’ या आज्ञावलीने करून दिली. या कार्डांचा ग्राहकही खेळाडूच होता, पण त्यांवर कोणता कार्यक्रम चालवावा यास उत्पादकाची अनुमती लागत नव्हती. सेलवर काम करताना संशोधकांना माहितीचे लहान तुकडे पाडण्याची, आकड्यांची वाहतूक व गणित एकाच वेळी चालू ठेवण्याची जी सवय लागली होती, ती येथे उपयोगी पडली. स्टॅनफर्डमध्ये तयार झालेल्या ओपनएमएम या आज्ञावलीसंग्रहाने एकच गणित निरनिराळ्या जातींच्या प्रक्रियकांवर चालविण्याची व्यवस्था केली, त्यामुळे एखादे यंत्र बाजारातून गेले तरी काम अडत नाही. चित्ररेखन कार्डांच्या बळावर फोल्डिंग ॲट होमने २०१० साली एनटीएल९ या लहान प्रथिनाची सु. दीड मिलिसेकंदात पडणारी घडी गणिताने उलगडून दाखविली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या डी. ई. शॉ संशोधन संस्थेने या एकाच कामासाठी बांधलेल्या ॲन्टन या यंत्रावर एका प्रथिनाची अखंड एक मिलिसेकंदाची हालचाल मोजल्याचे प्रसिद्ध केले. हजारो तुटक वाटचाली जोडणे आणि एकच अखंड वाटचाल पाहणे, असे हे दोन मार्ग एकमेकांना पूरक ठरले आहेत.

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीत टाळेबंदी सुरू झाली, तेव्हा ग्रेगरी बोमन यांच्या नेतृत्वाखालील फोल्डिंग ॲट होमकडे लोकांचा पुन्हा लोंढा आला. त्यांत खेळांसाठी घेतलेली चित्ररेखन कार्डे बाळगणाऱ्यांचा मोठा वाटा होता; खेळयंत्रांसाठी मात्र या वेळी कोणताही कार्यक्रम उपलब्ध नव्हता. संस्थेच्या स्वतःच्या मोजणीनुसार एप्रिलच्या मध्यापर्यंत तिची शक्ती २.४ एक्झाफ्लॉपपर्यंत, म्हणजे २००७ सालच्या विक्रमाच्या सु. २,४०० पट झाली. एका सेकंदाचा दहावा भाग भरेल एवढी विषाणूच्या प्रथिनांची एकूण हालचाल तीत मोजली गेली. विषाणूवरील काट्यासारखे प्रथिन पेशीला चिकटण्यासाठी कसे उघडते आणि त्या वेळी एरव्ही झाकलेल्या कोणत्या खाचा क्षणभर उघड्या पडतात, याचे वर्णन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.